भाताला रस्ता लागत नाही

कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना एक सत्र गावात राहून शेतकऱ्याच्या हाताखाली काम करावं लागतं. वर्गात शिकलेलं शेतात खरंच उगवतं का, ते बघायचं. त्यांना कृषिकन्या म्हणतात. समाजमंदिरात त्यांची राहायची सोय होते, एकेकीला एकेक शेतकरी वाटून देतात, आणि सत्र संपलं की गावासमोर सादरीकरण होऊन गुण मिळतात. आमच्या गावात त्या आल्या तेव्हा माझ्या वाट्याला नगरकडची एक मुलगी आली. खरं तर ती माझ्या भावाच्या वाट्याला आली होती. सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. शेत माझ्या वडिलांचं. गाव खालापूर तालुक्यात, कर्जत-खोपोली रस्त्यापासून बरंच आत. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले आणि वडिलांबरोबर शेतात उतरले. वडील गेले तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतात. भावाशी माझं वाकडं नव्हतं, आजही नाही. तो धाकटा, डोंबिवलीला राहतो, नोकरी करतो, भाऊबीजेला न चुकता येतो. शेत त्याचं, राबणं माझं आणि तांदूळ दोघांचा, असं बरीच वर्षं चाललं होतं.

मुलगी आली त्याच्या आदल्या वर्षापासून भाऊ शेत दाखवायला माणसं आणू लागला होता. आमच्या भागात हे नवीन नाही. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला भाताची खाचरं असली की मुंबईच्या लोकांना तिथे बंगला दिसतो. माणसं बांधावरून चालत यायची, चपला चिखलात रुतायच्या, मग विचारायची, "रस्ता कुठाय?" रस्ता नव्हता. सगळ्यांची वाट बांधावरून. वडिलांच्या वेळी पंचायतीने एकदा रस्ता काढायचं म्हटलं होतं, तेव्हा वडिलांनी बांधाची जागा दिली नाही. "भाताला रस्ता लागत नाही, पाणी लागतं," म्हणाले. गाव त्यांना हेकट म्हणालं. मीही म्हणाले होते, कारण कापणीनंतर भारे माझ्या डोक्यावरून जायचे.

मला ते शेत राहायला हवं होतं. त्यापलीकडे मला त्या वर्षी काही नको होतं.

मुलगी पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आली. वरच्या ठाकूरवाडीतली एक बाई वर्षानुवर्षं माझ्याबरोबर लावणीला असते. मी तिला वहिनी म्हणते, ती मला बाय म्हणते. तिने मुलीला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"ही मास्तरीण हाय का लावणीवाली?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मंग बूट काढ गं पोरी. चिखलाला बूट लय आवडतात. परत देत नाय."

मुलीने ऐकलं नाही. दुपारी एक बूट बाहेर निघाला, दुसरा काढायला आम्हा तिघींना ओढावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी आली आणि त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. तिथे मला ती आवडली.

कांद्याच्या शेतात वाढलेली मुलगी. भाताबद्दल तिला पुस्तकातलं सगळं माहीत होतं आणि चिखलात उभं कसं राहायचं ते माहीत नव्हतं. पाय फाकवून उभी राहायची आणि मग हलता यायचं नाही. माझं उलटं होतं. मी बारावी झालेली, पुढे खोपोलीच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं तोवर लग्न ठरलं. ती जे सांगायची त्यातलं निम्मं मी करतच होते, पण का करते ते मला सांगता आलं नसतं. निम्मं मात्र नवीन होतं. बी मिठाच्या पाण्यात टाकून तिने वर तरंगलेलं पोचट भात बाजूला काढलं तेव्हा वहिनी म्हणाली, "लोणचं घालती का गं ही?" पण रोपं आली ती अशी की वहिनीच दोनदा येऊन बघून गेली.

तिच्या अभ्यासाचा मुख्य भाग म्हणजे प्रात्यक्षिक. ओढ्याजवळचं मोठं खाचर घेतलं. अर्ध्यात माझ्या पद्धतीने लावणी, अर्ध्यात तिच्या. तिच्या अर्ध्यात दोरी धरायची, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, प्रत्येक गाठीशी दोन-तीनच काड्या. आम्ही मूठ भरून लावणाऱ्या बायका. दोरी धरून लावताना कंबर जास्त दुखते, कारण सारखं थांबावं लागतं.

"भात लावती का ब्लाउजचं माप घेती?" वहिनी विचारायची.

"वहिनी, तुमचंही माप घेते थांबा," मुलगी म्हणायची. ती बोलायला शिकली होती तोवर.

कॉलेजचा पत्र्याचा फलक आला. त्यावर प्रात्यक्षिकाचं नाव, विद्यार्थिनीचं नाव, शेतकऱ्याचं नाव. शेतकऱ्याच्या जागी भावाचं नाव होतं. मुलगी फलक घेऊन माझ्या ओट्यावर बसून राहिली.

"काकू, मी सरांना म्हटलं, शेती काकू करतात. ते म्हणाले सातबाऱ्यावर असेल तेच नाव लिहायचं."

"बरोबर आहे त्यांचं."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"फलक शेतात रोवायचाय, माझ्या छातीवर नाही. चल, पहार घे."

फलक रोवून झाल्यावर मी तिला भावाचा विचार सांगितला. सांगायचं नव्हतं, पण तिने विचारलं की पुढच्या वर्षी सगळ्या शेतात दोरी धरणार ना. मी म्हटलं, पुढच्या वर्षी शेत असलं तर. तिने हातातली पहार खाली ठेवली. मग तिने वर्गातल्यासारखं बोट वर केलं.

"प्लॉट असा करून दाखवू की काकांना विकावंसंच वाटणार नाही."

हे मला पोरकट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघी एका कामाला लागलो. बेणणी इतकी केली की वहिनी म्हणाली, आता काय गवताच्या मुळाला माफी मागायला लावता का. बांधावरची झुडपं काढली, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवली, ओढ्याकडचा खचलेला बांध नव्याने घातला. संध्याकाळी वरच्या कातळावरून बघितलं तर तिच्या अर्ध्यातल्या ओळी सरळ दिसायच्या आणि माझ्या अर्ध्यात नुसतं हिरवं दिसायचं. मला दोन्ही आवडायचं. तिला फक्त तिचं.

त्यांच्या अभ्यासात अजून एक होतं. गावाची एखादी अडचण शोधून ती सोडवण्यासाठी पंचायतीकडे पाठपुरावा करायचा. तिने वही उघडून विचारलं, "काकू, तुमची सगळ्यात मोठी अडचण कुठली?"

"भारे," मी म्हटलं. "बांधावरून डोक्यावर न्यावे लागतात."

एवढंच बोलणं झालं. तिने अर्ज लिहिला. ज्यांची शेतं त्या वाटेवर आहेत त्या सगळ्यांच्या घरी गेली. सगळ्यांच्या बायकांच्या मानांवर तेच भारे होते, त्यामुळे कोणी नाही म्हटलं नाही. सरपंचांच्या मागे ती इतकी लागली की तिला बघितलं की ते फोन कानाला लावायचे. शेवटी कॉलेजचे प्राध्यापक शिवारफेरीला येणार, त्यांची गाडी शेतापर्यंत गेली पाहिजे, या कारणाने काम मार्गी लागलं. आमच्या बांधाची जागा द्यायची होती, त्यासाठी भावाला फोन केला. तो म्हणाला, "दे की ताई, त्यात काय विचारायचंय." गणपती गेले, पावसाने उघडीप दिली आणि मुरुमाचे टेंपो आले. रस्ता झाला तेव्हा मी मुलीच्या पाठीवर थाप मारली. माझ्या हाताला चिखल होता, तिच्या कुडत्यावर पंजा उमटला. ती तो कुडता घालून गावभर फिरली.

शिवारफेरीला भाऊ आला. त्याची गाडी शेतापर्यंत पहिल्यांदाच आली. भात पोटरीतून बाहेर पडून दाण्यात आलं होतं. प्राध्यापकांनी सगळ्या गावासमोर दोन्ही अर्धी दाखवली, लोंब्या हातात घेऊन बोलले. भाऊ त्याचं नाव असलेल्या फलकाशेजारी उभा राहिला, फोटो काढून घेतले. मग बांधावरून ओढ्यापर्यंत एकटाच गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"ताई, बाबा असते तर."

"बाबा असते तर रस्त्यावरून भांडले असते."

तो हसला. मुलगी पलीकडे लोकांना चहा देत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्हाला दोघींना वाटलं, झालं काम. त्या दिवशी मी वहिनीला घरी जेवायला बसवून घेतलं, मुलीलाही. सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. मुलगी तोवर मासळीच्या वासाला नाक मुरडायची, त्या दिवशी दोनदा घेतलं.

दसऱ्यानंतर भाऊ परत आला, मागे दुसरी गाडी होती. मुंबईचं नवरा-बायकोचं जोडपं. सभ्य माणसं. चपला काढून बांधावर चढली. भावाने फलकाशेजारचा फोटो ऑफिसातल्या लोकांना पाठवला होता, तिथून तो कुठे कुठे फिरून यांच्याकडे पोचला होता. आम्ही दोघी तिथेच होतो. मुलगी टेप लावून रोपांची उंची मोजत होती.

"किती छान ठेवलंय," बाई म्हणाल्या. "सगळं एका ओळीत."

गृहस्थांनी मुलीला विचारलं, "तुम्ही बगीचे वगैरे आखून देता का?"

"नाही. मी शिकतेय," ती म्हणाली.

त्यांनी मागे वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. गाडी मुरुमावर उभी होती, चाकांना जेमतेम चिखल. "गाडी इथपर्यंत येते, हे मुख्य," ते भावाला म्हणाले. "आधीच्या सगळ्या जागांना हाच प्रॉब्लेम होता."

मुलीच्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन डबीत गेली. मला एवढाच आवाज आठवतो. मी वाकून बेणू लागले. बेणायला काही उरलं नव्हतं.

जोडपं गेल्यावर भाऊ घरी जेवायला आला. मी भाकऱ्या थापत होते, तो चुलीजवळच्या पाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"चिडलीस का ताई?"

"नाही."

"एकटी कुठवर करणार आहेस? उद्या गुडघे गेले म्हणजे?"

"आज आहेत."

"घराला मी हात लावणार नाही. घर तुझंच."

"एक वर्ष थांब," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी सगळं शेत त्या पोरीच्या पद्धतीने लावून बघते. एकदाच."

तो ताटाकडे बघत राहिला. "मी विसार घेतलाय, ताई. आणि तू दरवर्षी पुढच्या वर्षाचंच बोलतेस."

मी त्याला भाकरी वाढली. त्याने अजून एक मागून घेतली. रागवायला जागा सापडली असती तर बरं झालं असतं. तो माझ्याशी कधीच वाईट वागला नाही.

मुलीला मी समजवायला गेले नाही, तीच आली. ओट्याच्या पायरीवर बसली.

"माझ्यामुळे गेलं, काकू. अर्ज मी लिहिला."

"रस्ता मी मागितला. तू लिहून दिलास."

"मग मला थांबवलं का नाही?"

"तू भारा उचलून बघ एकदा, मग विचार."

ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं ते कळत नाही. मी तिला निवडायला शेंगा दिल्या. ती रडत रडत शेंगा निवडत बसली, निम्म्या शेंगांत शिरा तशाच राहिल्या.

उभं पीक आमचं, असं ठरलं होतं. कापणी आम्ही केली. मुलीने दोन्ही अर्ध्यांत चौकट टाकून तेवढंच भात वेगळं कापलं, झोडलं, वजन केलं. तिच्या अर्ध्यात जास्त निघालं, अगदी डोळ्यांना दिसण्याइतकं जास्त. वहिनीने दोन्ही ढीग बघितले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"दोरीला फळ आलं गं तुझ्या."

मुलगी "हो" म्हणाली आणि खळ्यातून उठून ओढ्याकडे गेली.

भारे न्यायला टेंपो आला. इतकी वर्षं मी कापणीनंतर त्या बांधावरून मान ताठ धरून चालले आहे, डोक्यावर भारा, डोळ्यांत कुसळं. त्या दिवशी सगळे भारे एका खेपेत गेले. वहिनी पुढे टेंपोत बसली. मी म्हटलं, मी चालत येते. रिकाम्या हातांनी टेंपोच्या मागे चालत आले. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

सादरीकरण समाजमंदिरात झालं. मुलीने भिंतीवर तक्ते लावले होते, दोन्ही अर्ध्यांचे आकडे, चित्रं, फोटो. ती चांगली बोलली. प्राध्यापक खूश होते. शेवटी त्यांनी मला उभं केलं. मुलींच्या गुणांमध्ये हेही असतं म्हणे, की शेतकऱ्याने पद्धत खरंच उचलली का. नाही तर नुसतं प्रात्यक्षिक करून काय उपयोग.

"ताई, पुढच्या हंगामात सगळं शेत या पद्धतीने लावणार ना?"

अर्ध्या गावाला व्यवहार माहीत होता. कोणी बोललं नाही. मुलगी तक्त्याकडे तोंड करून उभी होती. तिने नाही म्हणून मान हलवली असती तरी मला दिसली नसती.

"हो," मी म्हटलं. "सगळंच लावणार. दोरी घेऊन ठेवलीये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी भावाच्या नावाचं आभारपत्र भावाच्या वतीने माझ्या हातात दिलं. मुलगी समाजमंदिराच्या मागे जाऊन बराच वेळ आली नाही.

थंडीत शेताला तारेचं कुंपण पडलं. मी साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागले. खोपोलीच्या शिळफाट्याला बांधावरची भाजी विकायला बसायचे ते बंद झालं, कारण बांध नव्हता. काम सावलीतलं आहे, बसून आहे. गुडघ्यांना बरं, भाऊ म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

एक गोष्ट मात्र मी सवयीने करून बसले होते. झोडणीच्या आधी मुलीच्या अर्ध्यातल्या चांगल्या लोंब्या निवडून बियाण्याला वेगळ्या काढल्या होत्या. वाळवल्या, चोळल्या, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरल्या. डब्याचं झाकण लावल्यावर लक्षात आलं, की हे पेरायला जागा नाही. तरी डबा फळीवर ठेवला. जेठ लागला तशी वहिनीला म्हटलं, हे तू ने.

तिने डबा उघडून बी हातात घेतलं, फुंकलं, परत टाकलं. "बाय, आमची डोंगराची वरकस जमीन. पानी थांबत नाय. ह्या भाताला खाचर लागतं. आमी नागली करनार."

"मग काय करू?"

"मला नको इचारू," ती म्हणाली. तिने झाकण लावलं, डबा माझ्या हातात न देता फळीवर ठेवला.

गावात विचारलं. बाकीचे पिशवीतलं बियाणं आणतात, त्यांनी आणून ठेवलं होतं. डब्यात ठेवलं तर एका पावसाळ्यात किडे लागणार. बी खाऊ नये म्हणतात. मी ते गिरणीत नेलं, भरडलं आणि दळून आणलं.

आषाढात मुलगी आली. पास झाली होती, चांगल्या गुणांनी. एका बियाण्यांच्या कंपनीत लागली होती. पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली, वहिनीची चौकशी केली. बाहेर पाऊस होता आणि सगळ्या शिवारात लावणी चालली होती. लावणीची गाणी आमच्या घरापर्यंत ऐकू येत होती. तिने शेताकडे जायचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी चुलीवर भाकऱ्या केल्या. तिला तांदळाची भाकरी आवडायला लागली होती. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "काकू, भाकरी काय मऊ झालीये. कुठला तांदूळ?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलले होते, समाजमंदिरात, पण तेव्हा त्याचा तिला उपयोग होता.

"तुझ्या अर्ध्यातला. बियाण्याला काढला होता."

तिचा हात ताटात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग फळीवरच्या रिकाम्या डब्याकडे.

"खा," मी म्हटलं. "गार झाली की चिवट होते."